रक्तदाबाचा निचरा

भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे हा इंदापूरकडचा सगळा पट्टा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालव्याला पाणी सुटलं. जिथं पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरी निघायची तिथं ऊस उभा राहिला आणि पुढं श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दिसू लागलं. पण भारी काळ्या रानात पाणी मुरत गेलं तशा सखल वावरांच्या कडांना पांढऱ्या खपल्या धरू लागल्या. जमिनी खारावल्या, चोपण झाल्या. इंग्रज अमदानीतल्या इंजिनिअरांनाही या दुखण्यावर उपाय शोधत बसावं लागलं. उपाय दोनच निघाले: पाणी बेताने द्या आणि चर खणून निचरा करा.

या भागातल्या शेतकऱ्याला त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. रानातल्या पाण्याची पातळी कायमची कुठं राहील, हे एका रात्री किती दारं धरली यावर ठरत नाही. ते निचऱ्यावर ठरतं. निचरा तुंबला की पातळी चढत जाते आणि शेवटी अशा उंचीला पोचते, की तेवढ्या दाबाने रोज आलेलं पाणी रोज बाहेर पडू लागतं. मग ती तिथंच ठाण मांडते.

माणसाच्या रक्तदाबाचंही हेच आहे. शरीरातला हा निचरा मूत्रपिंडं करतात, आणि त्याची तोंडं किती उघडी ठेवायची, किती मिटायची हे काही संप्रेरकं ठरवतात. बीपीची गोळी घेणाऱ्या बहुतेकांना हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे बीपी म्हटलं की लोकांच्या मनात हृदय येतं, नाहीतर डोक्याचा ताप. ‘पोराच्या काळजीनं बीपी वाढलं,’ असं घरोघरी ऐकू येतं. क्षणाक्षणाच्या चढउताराबाबत हे खरं आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब जोखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. माणूस बाजेवरून झटकन उठला की रक्त पायांकडे ओढलं जातं, दाब घसरतो. ही टोकं मेंदूला तसं कळवतात, आणि दोन-चार ठोक्यांत हृदयाची गती वाढून रक्तवाहिन्या आवळल्या जातात. भांडणात, भीतीत, जिना चढताना बीपी वर जातं ते याच मज्जातंतूंच्या जाळ्यातून.

पण हे जाळं दाबाची कायमची पातळी ठरवत नाही. अमेरिकेतल्या ॲलन काउली आणि आर्थर गायटन यांनी १९७३ साली कुत्र्यांवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी दाब जोखणारे हे मज्जातंतूच तोडून टाकले आणि दिवसरात्र रक्तदाब नोंदवला. दाब वेड्यासारखा वरखाली होऊ लागला. कुत्रं उठलं की एक आकडा, निजलं की दुसरा. मात्र चोवीस तासांची सरासरी काढली तर ती धडधाकट कुत्र्यांच्या जवळपासच निघाली. म्हणजे मज्जातंतू झटके सपाट करतात, पण सरासरी कुठं राहायची हे आणखी कुणीतरी ठरवतं.

ते ठरवणारी मूत्रपिंडं बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, पाठीच्या बाजूला असतात. एकेकाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. तरी हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभराहून जास्त. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी १८० लिटर पाणी गाळलं जातं. लघवी होते दीड-दोन लिटर, बाकीचं सगळं रक्तात परत घेतलं जातं. मिठाचा आकडा तर याहून थक्क करणारा आहे. त्या १८० लिटरमध्ये विरघळलेलं मीठ जवळजवळ दीड किलो भरतं, आणि लघवीवाटे जातं ते जेवढं खाल्लं असेल साधारण तेवढंच, पाच-दहा ग्रॅम. दीड किलो मीठ बाहेर काढून त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक परत आत घ्यायचं, आणि हे रोज, जन्मभर. या परत घेण्यात अर्ध्या टक्क्याची जरी चूक झाली तरी सात-आठ ग्रॅम मीठ रोज शरीरात साचेल किंवा रोज कमी पडेल. मीठ जिथं राहतं तिथं पाणी राहतं. पाणी राहिलं की रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो.

या कोड्याचा गाभा उलगडला तो गायटनने. शल्यविशारद होण्याच्या वाटेवर असताना १९४० च्या दशकात त्याला पोलिओ झाला आणि शस्त्रक्रियेचं स्वप्न संपलं. मग मिसिसिपी राज्यात त्याने शरीरक्रियाशास्त्राला वाहून घेतलं. आपल्या मेडिकल कॉलेजांतली पोरं त्याला त्याच्या जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे ओळखतात. १९७२ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी रक्ताभिसरणाचं शेकडो समीकरणांचं गणित मांडलं. त्यातला मुद्दा असा: दाब जरा वाढला की निरोगी मूत्रपिंड जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतं, आणि दाब पूर्वपदावर येईपर्यंत टाकत राहतं. दोन दिवस लागोत, आठ लागोत, ते थांबत नाही. म्हणून कुणाचा रक्तदाब महिनोन्‌महिने चढलेला असेल, तर त्याच्या मूत्रपिंडाने तो चढा दाब मान्य केलेला आहे, असाच अर्थ होतो. निचरा आखडला आहे, आणि रोजचं मीठ बाहेर काढायला आता १२० ऐवजी १६० चा दाब लागतो आहे.

हे पटवणारा पुरावा माणसांतही मिळाला. उच्च रक्तदाबामुळे मूत्रपिंडं निकामी झालेल्या सहा रुग्णांची हकिकत १९८३ साली प्रसिद्ध झाली. त्यांना निरोगी माणसाचं मूत्रपिंड बसवल्यावर बीपी वर्षानुवर्षं सर्वसाधारण राहिलं, तेही गोळ्यांशिवाय. माणूस तोच, हृदय तेच, रक्तवाहिन्या त्याच, घरचा ताणही बहुधा तोच. बदललं फक्त मूत्रपिंड. उंदरांच्या प्रयोगांतही बीपी मूत्रपिंडाबरोबरच गेलं: चढ्या बीपीच्या उंदराचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं की त्यालाही बीपी लागे. सगळा दोष मूत्रपिंडाचाच, असं आज कुणी म्हणत नाही. मज्जातंतू, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा, लठ्ठपणा, झोपेतली घोरण्याची व्याधी, सगळ्यांचा हात त्यात असतो. पण यांतलं कुठलंही कारण बीपी कायमचं चढवून ठेवतं ते बहुतेक वेळा मूत्रपिंडाचा निचरा बदलूनच.

आता जरा जवळ जाऊन पाहू, कारण यातली रचना इतकी देखणी आहे की ती ओलांडून पुढं जाववत नाही. एका गाळणीतून निघालेली नळी मूत्रपिंडात खोल उतरते, वळते, वर येते आणि नेमकी आपल्याच गाळणीच्या तोंडाशी परत येऊन टेकते. जिथं टेकते तिथं नळीच्या भिंतीत थोड्याशा पेशी दाटीने उभ्या असतात. समोरून वाहणाऱ्या पाण्यात मीठ किती उरलं आहे, ते या पेशी जोखतात. त्यांना खेटूनच, गाळणीकडे रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत दुसऱ्या पेशी असतात, त्यांच्या पोटात रेनिन नावाच्या द्रव्याचे कण भरलेले असतात. नळीत मीठ कमी आलं, धमनीतला दाब घसरला किंवा मज्जातंतूंनी ओरड केली, की या पेशी रेनिन रक्तात सोडतात.

रेनिनचा शोध १८९८ चा. स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि दाब चढलेला पाहिला. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९३४ साली क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्यांवर चांदीचे छोटे चिमटे बसवून त्या थोड्या आवळल्या. दाब चढला आणि चढाच राहिला. मूत्रपिंडाला वाटलं की रक्तच कमी आलं आहे, म्हणून त्याने सगळ्या शरीराचा दाब वाढवायला लावला.

रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. यकृताने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. तो तुकडा फिरत फिरत फुप्फुसात आला की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं एक विकर त्याला आणखी छाटतं, आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२. हे मात्र जबर असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, तहान जागी करतं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. अल्डोस्टेरॉन नळीच्या शेवटच्या भागावर काम करतं. तिथपर्यंत गाळलेल्या मिठाचा जेमतेम दोनेक टक्के भाग उरलेला असतो, पण दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम मीठ. शेवटचा निर्णय या टप्प्यावर होतो. अल्डोस्टेरॉनला घाई नसते. पेशींकडून ते नवी प्रथिनं घडवून घेतं, म्हणून परिणाम दिसायला तास-दीड तास जातो आणि पुरता दिसायला काही दिवस.

उलट दिशेने ओढणारंही कुणीतरी हवंच. ते सापडलं हृदयात. १९८१ साली कॅनडात अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला, तर त्याची मीठ-पाण्याची लघवी भराभर वाढली. रक्त जास्त होऊन कप्पे ताणले गेले की हृदय स्वतःच हे संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडाला मीठ टाकायला लावतं. मेंदूच्या तळाशी तयार होणारं व्हासोप्रेसिन पाण्याचं प्रमाण सांभाळतं. शरीर सुकलं की ते वाढतं, आणि लघवी थोडी व गडद होते.

ही सगळी यंत्रणा एका माणसात एका दिवसात कशी राबते, ते पाहायचं तर गाळप हंगामात भवानीनगरच्या आसपासच्या कुठल्याही फडावर जावं. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या, एकेक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. पहाटेच्या थंडीत तोड सुरू होते. उन्हं चढली की मोळ्या बांधणं, डोक्यावर वाहून ट्रकात चढवणं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात अशा कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. सुकल्यावर सदऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या रेषा उमटतात, तेच त्या घामातलं मीठ. नवख्या माणसाच्या रेषा जास्त ठळक असतात. कारण दहा-बारा दिवस उन्हात राबलं की अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथींनाही मीठ वाचवायला लावतं, आणि मुरलेल्या मजुराचा घाम कमी खारट होतो. त्याच वेळी आत रेनिन चढलेलं असतं, व्हासोप्रेसिन चढलेलं असतं, लघवी जवळजवळ बंद. पाणी घटूनही दाब टिकतो आणि माणूस कोयता चालवत राहतो, तो यांच्या जोरावर.

पण रोज, महिनोन्‌महिने मूत्रपिंडाला असं सुकवत ठेवण्याची किंमत असते. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं मोठ्या संख्येने निकामी झाली. त्यांना मधुमेह नव्हता, बीपीही फारसं चढलेलं नव्हतं. नेमक्या कारणावर अजून वाद आहे, तरी उन्हातली कष्टाची कामं आणि पुन्हा पुन्हा सुकणं यांच्याकडे बरंच बोट दाखवलं जातं. तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त कामाच्या वेळेत बसवली. आपल्या फडांवरही ती बसवली पाहिजे, आणि ती मुकादमाच्या मर्जीवर सोडता कामा नये, असं मला ठामपणे वाटतं. आणखी एक गोष्ट फडावर फार चालते: अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स रोखतात. सुकलेल्या शरीरात गाळणीकडे जाणारी धमनी उघडी ठेवायचं काम हीच द्रव्यं करत असतात. ती रोखली की गाळणी आखडते, मीठ साचतं, बीपी चढतं. कष्टकऱ्याने घेतलेली दोन रुपयांची गोळी नेमक्या चुकीच्या वेळी नेमक्या चुकीच्या जागी जाते.

घाम न गाळणाऱ्या आपल्यासारख्यांचा प्रश्न उलटा आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचं, पापड, खारी, फरसाण, चुलीवरची आमटी मिळून आपण त्याच्या बरेच पुढं जातो. बेताचं मीठ खाणाऱ्याने एकदम खारट खायला सुरुवात केली तर चार-पाच दिवस मूत्रपिंड मागे पडतं, वजन किलोभराने वाढतं, मग आवक-जावक जुळते. काहींची जुळते दाब न वाढता, काहींची दाब वाढूनच. वय वाढतं तसं गाळण्या कमी होत जातात, आणि दुसऱ्या गटातले लोक वाढत जातात. म्हणून पन्नाशीनंतर बीपी चढणं आपल्याला नैसर्गिक वाटू लागलं आहे. ब्राझील-व्हेनेझुएलाच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट पाहणीत त्यांचं सरासरी बीपी ९६ वर ६० च्या जवळपास भरलं, आणि ते वयाबरोबर चढत नव्हतं. त्यांचं रेनिन आणि अल्डोस्टेरॉन मात्र खूप चढलेलं होतं, कारण शरीर मिठाचा कणन्‌कण धरून ठेवत होतं.

बीपीच्या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं होतं. जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाने. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी आपल्या रुग्णांवरचा अनुभव मांडला, आणि १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतलं रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांतला साठा रिकामा करतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. पण नुसत्या सैलावलेल्या रक्तवाहिन्यांनी भागत नाही, हे डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं. दाब उतरला की मूत्रपिंड मीठ साठवू लागे आणि काही आठवड्यांत औषधाचा गुण कमी होई. त्यावर उतारा सापडला तो १९५० च्या दशकाअखेर आलेल्या लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्यांचा. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांवर केलेल्या १९६७ च्या चाचणीत रेसरपिन, थायझाइड आणि रक्तवाहिन्या सैल करणारं तिसरं औषध एकत्र दिलं होतं. फार चढ्या बीपीच्या गटात त्याचा फायदा इतका उघड दिसला, की त्या गटाची चाचणी लवकर थांबवावी लागली. बीपी उतरवल्याने माणसं वाचतात, याचा तो पहिला भक्कम पुरावा, आणि त्यात मुंबईच्या एका डॉक्टराची जिद्द मिसळलेली आहे.

पुढची पिढी आली ती खऱ्याखुऱ्या सापाकडून. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात फुप्फुसातल्या त्या छाटणाऱ्या विकराला अडवणारं द्रव्य सापडलं. त्यावरून बेतलेलं कॅप्टोप्रिल १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालं. आज गावच्या दवाखान्यात मिळणारं एनालाप्रिल याच घराण्यातलं. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला पेशीच्या दाराशीच अडवतं. क्लोरथॅलिडोन, जिला लोक पाण्याची गोळी म्हणतात, ती मीठ बाहेर काढते. सगळ्यांचा शेवटचा परिणाम एकच: कमी दाबातही मूत्रपिंडाने रोजचं मीठ बाहेर टाकावं. गोळी बंद केली की निचरा पुन्हा पहिल्यासारखा आखडतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब बहुधा जुन्या जागी जाऊन बसतो. ‘आता नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला,’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

डॉक्टर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगतात, ते बीपीचं यंत्र जे दाखवत नाही ते पाहायला. चढा दाब गाळण्या झिजवतो, झिजलेल्या गाळण्या दाब आणखी चढवतात, आणि या फेऱ्याची पहिली खूण लघवीत उतरलेल्या अल्ब्युमिनमध्ये दिसते. तेव्हा माणसाला काहीच होत नसतं. पायाला सूज येईपर्यंत थांबलं तर बऱ्याच गाळण्या गेलेल्या असतात.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी करत इंदापूरकडे जाते. त्यात बीपीच्या गोळ्या घेणारे साठी-सत्तरीचे वारकरी असतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल आणि पाण्याची गोळी चालू असेल, वाटेत उलट्या-जुलाब लागले किंवा उन्हाने अंग सुकून उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर पायदुखीसाठी वेदनाशामक गोळी मुळीच घेऊ नये. ओआरएसचं पाणी प्यावं, सावलीत बसावं, आणि वाटेवरच्या आरोग्य पथकात जाऊन बीपी मोजून घ्यावं. आपण कोणत्या गोळ्या घेतो तो कागद दाखवून, दोन-तीन दिवस त्यांतली कोणती थांबवायची हे तिथल्या डॉक्टरांना विचारावं. जेवण-पाणी पूर्वीसारखं सुरू झालं की गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, तेही त्यांना विचारूनच.